बाटलीवरची तारीख

नाशिकच्या कारखान्यात भरलेला टोमॅटो केचप काठमांडूच्या दुकानात पोहोचवायचा, हे काम नकाशावर सोपं दिसतं. मध्ये समुद्र नाही. रक्सौलपर्यंत सोळा-सतराशे किलोमीटरचा रस्ता, तिथे सीमा, पलीकडे वीरगंज, आणि वीरगंजहून नारायणगड-मुग्लिनमार्गे साधारण तीनशे किलोमीटरवर काठमांडू. ट्रक चालत राहिला तर आठवड्याभरात माल पोहोचायला हरकत नाही. पण भूवेष्टित देशाशी व्यापार करताना ट्रक कुठे थांबेल, किती दिवस थांबेल आणि कोणाच्या हुकमाने थांबेल, हाच खरा प्रश्न असतो. लोखंडाची सळई सीमेवर महिनाभर पडून राहिली तर व्याज वाढतं. केचपची बाटली महिनाभर पडून राहिली तर व्याज तर वाढतंच, शिवाय तिचं विकण्याजोगं आयुष्य महिनाभराने घटतं, आणि ते कोणत्याही किमतीला परत विकत घेता येत नाही. नेपाळला सॉस, चटण्या, लोणची पाठवणाऱ्याचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती फिरतं.

हे आयुष्य कशावर उभं असतं ते आधी पाहू. केचप टिकतो तो आम्ल, साखर, मीठ आणि उष्णता यांच्या जोरावर. भारताच्या अन्न सुरक्षा नियमांनुसार टोमॅटो केचपमध्ये मीठ वगळून विद्राव्य घनपदार्थ किमान २५ टक्के असावे लागतात, आणि अॅसेटिक आम्लाच्या हिशेबाने आम्लता किमान १ टक्का. सामू ४.६च्या खाली राहिला की बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूला वाढता येत नाही, आणि केचपचा सामू त्याच्या बराच खाली असतो. सॉस ८५ ते ९० अंश सेल्सिअसला गरम असतानाच बाटलीत भरतात आणि लगेच झाकण लावतात. तो थंड होताना आत निर्वात पोकळी तयार होते. म्हणून नीट बनवलेला केचप सहसा नासत नाही. तो म्हातारा होतो. लाल रंग विटकरीकडे झुकतो, मानेपाशी काळपट कडं धरतं, वर पाणी सुटतं, लसणाचा वास बोथट होतो.

हे म्हातारपण उष्णतेने लवकर येतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. मे महिन्यात रक्सौल-वीरगंजच्या पट्ट्यात पारा ४० अंशांवर जातो, आणि ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या मालाचं तापमान त्याहून जास्त. लेबलवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ असं छापून कारखान्याने बारा महिन्यांची मुदत दिलेली असते. सीमेवरच्या आवारात गेलेले पंधरा दिवस त्या हिशेबात पंधरा दिवसांहून जास्त धरावे लागतात. मेयोनेझचं तर आणखी नाजूक. तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवलेला तो पदार्थ उष्णता आणि हादरे एकत्र आले की फुटतो, तेल वर येतं, आणि ग्राहकाला ते उघडल्याबरोबर दिसतं.

आता हिशेब मांडू. समजा, केचपची मुदत बारा महिने. भरल्यानंतर चाचण्या, पॅकिंग आणि पुरेसा माल जमेपर्यंत एक महिना. प्रवास आणि सीमा मिळून तीन आठवडे, तेही सगळं सुरळीत झालं तर. आयातदाराच्या गोदामात दोन महिने, कारण तो दर आठवड्याला मागवू शकत नाही. भूवेष्टित देशातला व्यापारी नेहमी जास्तीचा साठा धरून असतो, कारण पुढची खेप केव्हा येईल याची त्याला खात्री नसते. म्हणजे किराणा दुकानाच्या फळीवर बाटली चढते तेव्हा जेमतेम आठ महिने उरलेले असतात. भारतात आयात होणाऱ्या अन्नपदार्थांसाठी आपलाच नियम असा आहे की, सीमाशुल्कातून सुटताना मुदतीचा ६० टक्के काळ किंवा तीन महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं आयुष्य उरलेलं असावं. नेपाळमधले मोठे दुकानदारही जुनी तारीख पाहिली की तोंड फिरवतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. या हिशेबात सीमेवर एक महिना वाढला, तर तो थेट विक्रीच्या काळातून जातो.

असा महिना वाढल्याची उदाहरणं नेपाळच्या इतिहासात ठळक आहेत. समुद्र नसलेल्या देशांना समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेला आहे. १९६५चा न्यूयॉर्क करार त्यासाठीच झाला, आणि १९८२च्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम १२५ तो हक्क पुन्हा सांगतं. पण त्याच कलमात पुढे म्हटलेलं आहे की, या हक्काच्या अटी आणि पद्धती संबंधित देशांनी आपसात ठरवायच्या. म्हणजे कागदावर हक्क आहे, आणि रस्ता शेजाऱ्याशी केलेल्या करारावर अवलंबून आहे. २३ मार्च १९८९ला भारत आणि नेपाळ यांच्यातले व्यापार आणि पारगमन करार संपले, नवे झाले नाहीत, आणि सीमेवरची बहुतेक नाकी बंद झाली. परिस्थिती पूर्ववत व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. पुढे २० सप्टेंबर २०१५ला नेपाळने नवी राज्यघटना स्वीकारली, तराईत आधीपासून चाललेलं मधेशी पक्षांचं आंदोलन तीव्र झालं, रक्सौल आणि वीरगंजला जोडणाऱ्या पुलावर आंदोलक बसून राहिले आणि मालवाहतूक फेब्रुवारी २०१६पर्यंत विस्कळीत राहिली. नेपाळी लोक आजही त्याला नाकेबंदी म्हणतात. भारत सरकारने ती आपण लादल्याचं नाकारलं. काठमांडूत स्वयंपाकाचा गॅस अर्ध्या सिलिंडरने वाटला जात होता. अशा वेळी चिली सॉसचा ट्रक रांगेत सर्वांत मागे असणार, हे उघड आहे, आणि ते बरोबरही आहे. औषधं आणि इंधन आधी जायला हवं.

म्हणून नेपाळी आयातदार जेव्हा भारतीय पुरवठादाराला विचारतो, ‘बाटो (रस्ता) बंद झाला तर माल परत घेणार का?’ तेव्हा त्या प्रश्नामागे त्याने भोगलेले पाच महिने असतात. त्याला टोलवून लावणारा पुरवठादार या बाजारात टिकत नाही.

व्यवहाराचं चलन हा या बाजाराचा सुखाचा भाग वाटतो, आणि बऱ्याच अंशी तो आहेही. १९९३पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर बांधलेला आहे. भारतीय पुरवठादार रुपयांत बिल करू शकतो, विनिमय दराची धास्ती नाही. पण याच सोयीमुळे काठमांडूच्या ग्राहकालाही तोंडी हिशेब येतो. पाकिटावर भारतातली किंमत शंभर रुपये छापलेली असेल, तर तो मनात १६० म्हणतो आणि दुकानदार १९० का मागतो, ते विचारतो. वाहतूक, सीमाशुल्क, १३ टक्के मूल्यवर्धित कर, आयातदाराचा नफा, हे त्याला दिसत नाही. शिवाय सतराशे किलोमीटरहून लांब खुली सीमा आहे. तराईतली माणसं पिशवी घेऊन पलीकडच्या बाजारातून सामान आणतात. शंभर नेपाळी रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या सामानावर शुल्क भरा, असा नियम २०२३मध्ये तिथल्या सरकारने कडकपणे राबवायला घेतला तेव्हा सीमेलगतच्या गावांत केवढी नाराजी उसळली होती. कायदेशीर मार्गाने गेलेल्या सॉसला या पिशवीतल्या सॉसशी स्पर्धा करायची असते. त्यामुळे सीमेलगतच्या जिल्ह्यांतल्या विक्रीच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नये. खरी बाजारपेठ काठमांडूचं खोरं, पोखरा आणि चितवन अशी आत आहे.

रुपयाच्या सोयीखाली डॉलर लपलेला आहे, हे मात्र बहुतेक नवे निर्यातदार विसरतात. नेपाळला भारताकडून जेवढं घ्यायचं असतं, तेवढे भारतीय रुपये त्याच्याकडे नसतात. मग नेपाळ राष्ट्र बँक डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते. तो डॉलर येतो कुठून? मुख्यतः आखातात, मलेशियात, कोरियात राबणाऱ्या नेपाळी माणसांच्या घामातून. त्यांनी पाठवलेला पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास पाव हिस्सा भरतो. २०२२च्या सुरुवातीला परकीय गंगाजळी झपाट्याने घटू लागली, तेव्हा एप्रिलमध्ये सरकारने काही वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. महागडे मोबाइल, मद्य, हिरे यांच्या जोडीला त्या यादीत कुरकुरे, लेज यांसारख्या खाऱ्या खाऊचं नावही होतं. बंदी उठायला डिसेंबर उजाडला. सॉसवर ती बंदी नव्हती, पण ज्या फळीवर चिप्स असतात त्याच फळीवर सॉस असतो, आणि चैनीची वस्तू कुठली हे ठरवणारा हात पुढच्या वेळी दोन इंच सरकू शकतो. नेपाळला सॉस विकणाऱ्याने राष्ट्र बँकेचे गंगाजळीचे मासिक आकडे वाचायची सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. आपल्या मालाचं भवितव्य टोमॅटोच्या भावापेक्षा त्यात जास्त स्पष्ट दिसतं.

कागदपत्रांचं प्रकरण पूर्वीपेक्षा सुटसुटीत झालं आहे. एकेकाळी भारतात उत्पादन शुल्क भरून माल नेपाळला जायचा आणि ते शुल्क भारत सरकार नेपाळ सरकारला परत करायचं. ही पद्धत १ मार्च २०१२ला बंद झाली. आता जीएसटीत निर्यात शून्य दराची आहे. रक्सौलच्या भूमी सीमाशुल्क स्थानकावर बिल ऑफ एक्स्पोर्ट, बीजक, पॅकिंग लिस्ट, उगमाचं प्रमाणपत्र. पलीकडच्या आयातदाराकडे एक्झिम कोड. २०१८मध्ये रक्सौल-वीरगंजचं एकात्मिक तपासणी नाकं सुरू झालं, आणि गावाच्या गर्दीतून जाणाऱ्या ट्रकांची मोठी सुटका झाली.

वर्गीकरणावर मात्र वेळ द्यावा. टोमॅटो केचप २१०३.२० या उपशीर्षकात येतो, सोया सॉस २१०३.१० मध्ये, तयार मोहरी २१०३.३० मध्ये, आणि शेझवान चटणी किंवा मेयोनेझ यांसारखे मिश्र पदार्थ २१०३.९० मध्ये. व्हिनेगरमधलं लोणचं मात्र वेगळ्याच प्रकरणात, २००१ मध्ये. एकाच ट्रकमध्ये आठ प्रकारचा माल भरून बीजकावर सगळ्यांना ‘सॉस’ म्हटलं, तर पलीकडचा अधिकारी ट्रक थांबवणारच. एका खोक्याच्या घोळासाठी उरलेले सातशे खोके उन्हात उभे राहतात. त्यामुळे पहिल्या खेपेला कमी प्रकार पाठवावेत, हा जुन्या क्लिअरिंग एजंटांचा सल्ला सोन्यासारखा आहे.

अन्नाची तपासणी नेपाळचा खाद्य तंत्रज्ञान आणि गुणवत्ता नियंत्रण विभाग करतो. हा विभाग किती गांभीर्याने घ्यावा, ते मे २०२४मध्ये दिसलं. त्याआधीच्या महिन्यात हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक सापडल्याचं सांगितलं होतं. नेपाळने एमडीएच आणि एव्हरेस्टच्या काही मसाल्यांची आयात आणि विक्री थांबवली. दोन्ही कंपन्यांनी आपले मसाले सुरक्षित असल्याचं सांगितलं. सॉस बनवणाऱ्याने यातून एक गोष्ट उचलायची: आपल्या शेझवान चटणीतली मिरची पूड, लसूण पूड, मोहरी कोणाकडून आली आणि तिचं निर्जंतुकीकरण कसं झालं, याचा कागद बॅचगणिक आपल्याकडे असला पाहिजे. इथिलीन ऑक्साइडऐवजी वाफेने निर्जंतुक केलेला मसाला महाग पडतो. तरी तोच घ्यावा. खाणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि भूवेष्टित देशातून नाकारलेला माल परत आणण्याचा खर्च बहुधा मालाच्या किमतीहून जास्त होतो.

आता डोंगर. वीरगंज समुद्रसपाटीपासून शंभरेक मीटरवर, काठमांडू सुमारे १,४०० मीटरवर, आणि एव्हरेस्टच्या वाटेवरचं नामचे बाजार ३,४४० मीटरवर. काठमांडूत हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत साधारण ८५ टक्के असतो, नामचेला दोन-तृतीयांशच्या आसपास. मुंबईजवळ भरलेल्या सॅशेमध्ये हवेचा छोटा बुडबुडा राहिला असेल तर वर चढताना तो फुगतो. गिऱ्हाईक फुगलेली सॅशे पाहून माल खराब झाला असं समजतं, आणि कच्च्या सीलमधून सॉस झिरपून सगळा खोका चिकट होतो. डोंगरात जाणाऱ्या सॅशे भरताना आतली हवा जवळजवळ काढून टाकावी लागते आणि सीलची रुंदी वाढवावी लागते. हिवाळ्यात वरच्या गावांत सॉस गोठतो. वितळल्यावर त्याचं पाणी वेगळं होतं. काचेची बाटली तर या रस्त्यावर परवडतच नाही. बराचसा माल वीरगंजला उतरवून नेपाळी ट्रकमध्ये चढवला जातो, पुढे घाट. म्हणून पेट बाटली, चोच असलेली उभी पाऊच, हॉटेलांसाठी पाच किलोचे कॅन.

आणि पाऊस. नेपाळात सर्वाधिक खरेदी होते ती दशैं आणि तिहार या सणांना, म्हणजे आपल्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत. दशैंला माल दुकानात असायचा तर तो श्रावण-भाद्रपदात डोंगर चढायला हवा, आणि नेमके तेच दरडींचे महिने. जुलै २०२४मध्ये नारायणगड-मुग्लिन रस्त्यावर सिमलताल इथे दरडीने दोन बसगाड्या त्रिशूली नदीत लोटल्या आणि त्यांत साठाहून अधिक प्रवासी वाहून गेले. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटी पुराने आणि दरडींनी काठमांडूला जाणारे मुख्य रस्ते बंद पाडले. आपला माल नेणारे ट्रकचालक याच रस्त्याने जातात. माल दोन आठवडे आधी पाठवला तर चालकाला पावसात घाई करावी लागत नाही. निर्यातदाराच्या हातात असलेली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट आहे. नेपाळचा अर्थसंकल्प राज्यघटनेनुसार जेठ १५ला, म्हणजे मेच्या अखेरीस येतो आणि सीमाशुल्कातले बदल बहुधा लगेच लागू होतात. त्यामुळे नवे दर कळल्यावर, पाऊस जोर धरण्यापूर्वीचे जे तीन-चार आठवडे मिळतात, त्यांत सणाचा निम्मा माल वर चढवलेला बरा.

हे सगळं करून विकायचं कोणाला? नेपाळी घरात चटणीची वाण नाही. भाजलेल्या टोमॅटोचं, तिमूर (तिरफळासारखा मसाला) घातलेलं अचार रोज ताजं वाटलं जातं, डल्ले खुर्सानी म्हणजे गोल तिखट मिरचीचं लोणचं घरोघरी असतं, आणि मोमोवाला आपलं अचार बाहेरून कधीच घेणार नाही. केचप आणि चिली सॉस खपतो तो चाउमिनच्या गाड्यावर, शाळेच्या डब्यात, बर्गरच्या दुकानात, पर्यटकांच्या लॉजवर. तिथे थाई आणि चिनी सॉसही असतात. ते कोलकाता बंदरातून रेल्वेने वीरगंजच्या कोरड्या बंदरात येतात किंवा उत्तरेच्या नाक्यांवरून. कोरियात काम करून परतलेल्या तरुणांमुळे कोरियन तिखटाचीही गोडी लागली आहे. परदेशी कमावणारा माणूस पैशांबरोबर चवही घरी आणतो. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार आणि मुंबई-पुण्यातले नेपाळी स्वयंपाकी आपल्याकडची चव जाणतात. महाराष्ट्रातल्या उत्पादकाने पहिले ग्राहक त्यांच्या गावांकडे शोधायला हवेत. पश्चिम नेपाळच्या ज्या जिल्ह्यांतून ही माणसं येतात, तिकडचा वितरक काठमांडूच्या मोठ्या सुपरमार्केटपेक्षा जास्त धीराने माल खपवतो, असं माझं मत आहे. सप्टेंबर २०२५मध्ये नेपाळात तरुणांनी केलेल्या आंदोलनात भाटभटेनी या तिथल्या सर्वांत मोठ्या सुपरमार्केट साखळीची अनेक दुकानं जळाली. सगळा माल एका साखळीवर टांगणं किती धोक्याचं, ते तेव्हा कळलं.

समुद्र ओलांडून मग भूमार्ग, अशा इतर भूवेष्टित बाजारांत दुखणं तेच, फक्त जागा बदलते. न्हावा-शेवाहून कंपालाला जाणारा कंटेनर मोंबासाला उतरतो आणि केनिया ओलांडून सुमारे ११०० ते १२०० किलोमीटर रस्त्याने युगांडात पोहोचतो. रिकामा कंटेनर बंदरात परत येईपर्यंत जहाज कंपनीचं भाडं चढत राहतं. तिथे बिल ऑफ लॅडिंगवर शेवटचं ठिकाण कंपाला लिहायचं की मोंबासा, यावर उशिराचा खर्च कोणी सोसायचा ते ठरतं.

भूवेष्टितपणावरचा एक उपाय सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि तो स्वतः भूवेष्टित असलेल्या देशातल्या माणसाने काढला. ज्युलियस मॅगी हा स्वित्झर्लंडचा. १८८६मध्ये केम्प्टथाल इथे त्याने आपला द्रवरूप मसाला बनवला, आणि १८८७मध्ये सीमेपलीकडे जर्मनीतल्या सिंगेनमध्ये तो बाटल्यांत भरायला सुरुवात केली. बाजार जिथे, भरणी तिथे. नेपाळसाठी आज याचा अर्थ असा: निर्जंतुक ड्रममध्ये दाट टोमॅटो पेस्ट पाठवायची आणि केचप वीरगंज किंवा हेटौडाच्या औद्योगिक पट्ट्यात भागीदाराकडे भरायचा. पेस्टच्या ड्रमला सीमेवर थांबणं बाटलीपेक्षा पुष्कळ सोसतं, पाण्याचं वजन सतराशे किलोमीटर वाहावं लागत नाही, आणि मुदत भरणीच्या दिवसापासून सुरू होते. पलीकडच्या माणसांना कामही मिळतं.

ज्यांना अजून तेवढी विक्री नाही, त्यांनी निदान करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. माल वीरगंज सोडेल तेव्हा किमान किती टक्के आयुष्य उरलेलं असेल. रस्ता बंद राहिल्यास कितव्या दिवसापासून नुकसान दोघांनी वाटून घ्यायचं. आणि मुदत संपलेला माल कोणी, कुठे आणि कोणाच्या साक्षीने नष्ट करायचा. हा तिसरा मुद्दा बहुतेक करारांत नसतो, आणि मग तारीख खोडून नवी चिकटवलेल्या बाटल्या दुर्गम गावांतल्या दुकानांत जाण्याची वाट मोकळी राहते.